सम्मेदचा अल्बम

जयपाल मगदूम भाजी घेऊन घरी आला तेव्हा मधल्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. पिशवी हातात तशीच धरून तो दारात थांबला. कित्येक वर्षं चादरीखाली झाकून ठेवलेला डेस्कटॉप सुरू होता. चादर जमिनीवर पडली होती. त्याची बायको पद्मजा कपाळाला पट्टी बांधून खुर्चीत बसली होती आणि पडद्यावर त्यांचा मुलगा सम्मेद होता. शाळेच्या गणवेशात, पुढचे दोन दात पडलेले, हातात अर्धवट खाल्लेलं कणीस.

“हा बघा,” पद्मजा मागे न वळता म्हणाली. “फोटो काढते म्हटलं तरी कणीस सोडायला तयार नाही.”

सम्मेदच्या फोटोंचा तो अल्बम उघडणं शक्यच नव्हतं. पेठ नाक्याजवळच्या अपघातात नोकरीला लागलेला सम्मेद गेला, त्याला आठ वर्षं होत आली होती. तेव्हापासून तो एकदाही उघडला नव्हता. आता तो कधीच उघडणार नाही, असं क्लाउड सांभाळणाऱ्या कंपनीनं त्यांना केव्हाच स्पष्ट सांगितलं होतं.

पूर्वी लोकांचे फोटो कुठेही पडलेले असत. फोनमध्ये, भिंतीवर, पाकिटात, अनोळखी माणसांच्या संगणकांवरसुद्धा. मग ती वर्षं आली ज्यांना आता सगळे ‘बनावटीची वर्षं’ म्हणतात. कुणाच्याही एका साध्या फोटोवरून त्याचा हलता, बोलता, हुबेहूब खोटा माणूस तयार करता येऊ लागला. मुलांना आईच्या चेहऱ्यानं फोन यायचे आणि ती आई नसायची. कोर्टात साक्षीदार उभे राहायचे, ते साक्षीदार नसायचे. शेवटी चेहरा कायदा आला. माणसाच्या चेहऱ्याचा उघडा फोटो कुणी बाळगायचा नाही. ओळखपत्रासाठी प्रत्येकाचा एकच सरकारी फोटो, बाकी सगळे क्लाउडवर, कुलपात.

प्रश्न कुलपाचा होता. पासवर्ड चोरीला जात. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं यांच्याही नकला होऊ लागल्या होत्या. मग शास्त्रज्ञांना एक किल्ली सापडली, जिची नक्कल करता येत नव्हती. आपण ओळखीचा चेहरा पाहतो तेव्हा डोळ्याची पापणी लवायच्या आत मेंदूत विजेची एक लाट उठते. तुमच्या आईचा चेहरा बघून तुमच्या मेंदूत जी लाट उठेल, ती दुसऱ्या कुणाच्याही मेंदूत उठणार नाही, तुमच्या सख्ख्या भावाच्याही नाही. या लाटेच्या आकाराला ‘ओळखठसा’ असं नाव पडलं. अल्बम ज्यानं सुरू केला त्यानं डेस्कटॉपसमोर बसायचं, कपाळाला ती लाट मोजणारी पट्टी बांधायची आणि अल्बम ज्याचा, त्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या सरकारी फोटोकडे बघायचं. ओळखठसा जुळला की त्याच ठशाच्या आकड्यांनी क्लाउडवरचे फोटो उलगडत. कंपनीकडे दुसरी किल्ली नव्हतीच. शेजारी बसलेल्यांनाही फोटो बघता येत, पण पट्टी काढली की सगळं मिटे. पडदा चित्र इतक्या बारीक तुकड्यांत झरझर दाखवी की डोळ्याला फोटो दिसे आणि कॅमेऱ्याला नुसते राखाडी पट्टे.

सम्मेदचा अल्बम पद्मजाचा होता. जयपाल तेव्हा पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होता. कामावर, प्रवासात, मुलाबरोबर कुठे गेला तरी त्यानं काढलेला फोटो तो तिच्याकडे पाठवून द्यायचा. “तुझ्या अल्बममध्ये टाक,” म्हणायचा. स्वतःचा अल्बम सुरू करायचं त्याच्या मनात कधी आलंच नाही.

सम्मेदचं सगळं आटोपल्यावर पद्मजा पहिल्यांदा डेस्कटॉपसमोर बसली, तेव्हा पडद्यावर अक्षरं आली: ओळख पटली नाही. तिनं पट्टी नीट बसवली, पुन्हा बघितलं. ओळख पटली नाही. त्यानंतर कित्येक महिने ती रोज बसायची. जिनं त्याला जन्म दिला तिलाच ते यंत्र रोज सांगायचं की तू याला ओळखत नाहीस. एके दिवशी तिनं डेस्कटॉपवर चादर टाकली. त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

आणि आज तो उघडला होता.

त्या दुपारी ती दोघं अंधार पडेपर्यंत फोटो बघत बसली. जयपाल एकेक फोटो डोळ्यांत साठवत होता. कोल्हापूरच्या जत्रेतला सम्मेद, गोवर आलेला सम्मेद, धाकट्या बहिणीला, स्नेहलला, पाठीवर घेतलेला सम्मेद. चहाची आठवण दोघांनाही राहिली नाही. शेवटी पद्मजानं पट्टी काढली, उठून दिवा लावला आणि सहज विचारलं, “येणार कधी तो? फोन आला होता का?”

जयपालला तेव्हा कळलं.

गेल्या वर्षभरात ती लहानसहान गोष्टी विसरू लागली होती. गॅस, किल्ल्या, शेजाऱ्यांची नावं. वय झालं म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं. आता त्याच्या लक्षात आलं की ती सम्मेदचं जाणंच विसरली आहे.

त्यानं तिला जवळ बसवून खरं सांगितलं. तिनं ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डेस्कटॉपसमोर बसली तेव्हा ओळख पटली नाही. दोन दिवसांनी ती ते विसरली आणि अल्बम पुन्हा उघडला. त्यानंतर तिनं विचारलं तेव्हा जयपाल म्हणाला, “येईल. सुट्टी मिळत नाही म्हणाला.”

एवढंच करायचं होतं. दुपारी ती पट्टी बांधायची, तो शेजारी खुर्ची ओढायचा. प्रत्येक फोटोमागची गोष्ट ती सांगायची, न चुकता, कारण जुनं तिला सगळं आठवत होतं. जयपालला यातल्या कितीतरी गोष्टी माहीतच नव्हत्या. तो कामावर असताना त्या घडल्या होत्या. मुलाची आणि त्याची खरी ओळख आता होत होती. फोनवर स्नेहल आईची चौकशी करायची तेव्हा तो “बरी आहे” म्हणायचा. शेजारणीला तो घरात येऊ देईना. उगाच काही बोलून जायची. पद्मजा एकटी बाहेर पडू नये म्हणून त्यानं फाटकाला कुलूप लावलं. तोही बाहेर पडत नसे. दिवसभर दोघं घरात, आणि दुपारी तिघं.

स्नेहल नाशिकहून न कळवता आली ती चैत्रात. आईनं जेवायला चार ताटं मांडलेली तिनं पाहिली. “दादा हात धुतोय का बघ गं,” आई म्हणाली. स्नेहलनं बापाकडे पाहिलं. जयपाल खाली मान घालून पानातली कोशिंबीर सारखी करत होता.

जेवणं झाल्यावर तिनं त्याला गच्चीवर नेलं. “कधीपासून?”

“झाले काही महिने.”

“आणि तुम्ही डॉक्टरला दाखवलं नाही?”

“ती आनंदात आहे, स्नेहल. तू बघ तिला दुपारी. ती हसते.”

“पप्पा, फाटकाला कुलूप आहे.”

जयपालनं गच्चीवरून खाली फाटकाकडे पाहिलं.

मिरजेत डॉ. नर्गिस जमादार यांचा मेंदूविकारांचा दवाखाना होता. त्यांनी पद्मजाच्या तपासण्या केल्या, तिच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या आणि तिला परिचारिकेबरोबर बाहेर बसवून जयपाल आणि स्नेहल यांना आत बोलावलं.

“अल्बम उघडतो म्हणालात,” त्या म्हणाल्या. “मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. ते कुलूप बनवणाऱ्या गटात तरुणपणी मीही होते.”

“मग तुम्हीच सांगा, मॅडम,” जयपाल म्हणाला. “मुलगा गेला म्हणून आई त्याला ओळखेनाशी होते का? तेव्हा का बंद झाला तो?”

“चेहरा ओळखणं म्हणजे नाव आठवणं नव्हे. तुम्ही स्नेहलकडे बघता तेव्हा मेंदू पुढची तयारीही करत असतो. ती आता बोलेल, मी तिला काही विचारेन, ती चिडेल. ही जी वाट बघणं आहे, तो ओळखठशाचा मोठा भाग. माणूस गेला की मेंदू ही तयारी थांबवतो. चेहरा तोच, पण लाटेचा आकार पार वेगळा.”

“पण माणसं तशीही बदलतातच की.”

“रोज थोडं थोडं बदललं तर यंत्र ते मान्य करतं, दर वेळी ठसा नवा करून घेतं. एका दिवसात बदललं तर त्याला वाटतं, पट्टी बांधलेला माणूसच दुसरा आहे. खरं सांगायचं तर ते फार चुकतही नाही. आम्ही चोरांचा विचार केला होता. मरणाचा कुणी केला नव्हता.”

स्नेहलनं विचारलं, “आईला आता औषध आहे का?”

“आहे. आठवणी मज्जापेशींच्या सांध्यांमध्ये असतात. या आजारात ते सांधे सैल होतात, आधी अलीकडचे, मग जुने. नवं औषध ते पुन्हा घट्ट करतं. सुरुवातीला काही आठवडे सलाईनमधून, मग महिन्यातून एक इंजेक्शन. तुमच्या आईंचा आजार वेळेत सापडलाय. फार थांबलात तर उपयोग होणार नाही.”

“आणि घट्ट झाले की तिला ते आठवणार,” जयपाल म्हणाला.

“हो. अल्बम बंद होईल. आणि औषध दिलं नाही तर वर्ष-दीड वर्षात मुलाचा चेहराही जाईल. तेव्हाही अल्बम बंदच होईल. तुमचाही चेहरा जाईल.”

जयपालला आपण कुठल्या बाजूनं सुटायचं हे दिसत नव्हतं.

“हे त्यांना विचारायला हवं,” डॉक्टर म्हणाल्या. “सकाळी त्यांचं डोकं सगळ्यात स्वच्छ असतं. मात्र खोटं सांगून मी त्यांची संमती घेणार नाही. तुम्हाला आधी खरं सांगावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीत जयपालनं बायकोचा हात हातात घेऊन तिला खरं सांगितलं. पद्मजानं त्याला मध्ये अडवलं नाही. मग ती म्हणाली, “मला हे आधी माहीत होतं?”

“हो.”

“आणि मी विसरले.”

“आजार आहे तुम्हाला,” डॉक्टर म्हणाल्या.

“संध्याकाळी परत विसरेन?”

“बहुतेक.”

“मग उद्या परत त्याची वाट बघत बसणार. आणि हे मला काय सांगतात?” तिनं जयपालकडे बोट केलं.

“येईल म्हणून सांगतो,” जयपाल म्हणाला.

पद्मजानं आपला हात सोडवून घेतला. पदरानं तोंड पुसलं. “औषध द्या, डॉक्टर,” ती म्हणाली. “आपलं पोर गेलं हेही जिला ठाऊक नाही, अशी आई मला व्हायचं नाही.”

औषध लागू पडलं. पावसाळा संपेपर्यंत पद्मजा पूर्वीसारखी झाली. तिनं पुन्हा हिशोबानं घर चालवायला घेतलं, शेजारणीशी गप्पा सुरू झाल्या, फाटकाचं कुलूप गेलं. स्नेहल निश्चिंत होऊन नाशिकला परतली. पद्मजा एकदा डेस्कटॉपसमोर बसली. पडद्यावर अपेक्षेप्रमाणे तीच अक्षरं आली. तिनं पट्टी काढून ठेवली, पण चादर टाकली नाही.

आजारातले ते महिने मात्र तिच्याकडून कायमचे गेले होते. त्या काळात नवी आठवण तिच्या मेंदूत धरलीच नव्हती. रोज दुपारी तिनं मुलाला पाहिलं होतं आणि त्यातलं तिला काहीच आठवत नव्हतं. अल्बम तिचा, डोळे तिचे, आणि फोटो पाहिले ते जयपालनं.

“सांगा ना,” ती म्हणायची. “काय काय होतं?”

तो सांगायचा. कणीस, जत्रा, गोवर. ती डोळे मिटून ऐकायची. पहिले काही आठवडे त्यात दोघांनाही बरं वाटलं. मग सांगून झालेलं पुन्हा सांगावं लागलं. तिला कपड्यांचे रंग हवे असायचे, मागे कोण उभं होतं ते हवं असायचं. जयपाल आठवायचा प्रयत्न करायचा, आणि आठवलं नाही की एखादी गोष्ट जोडून द्यायचा. एका संध्याकाळी तो सम्मेदच्या निळ्या सायकलबद्दल बोलत होता.

“निळी सायकल त्याच्याकडे कधीच नव्हती,” पद्मजा म्हणाली.

जयपालनं उठून दिवा लावला.

“तुमच्याकडचेही फोटो संपले म्हणायचे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

पुढच्या महिन्यात इंजेक्शनसाठी गेल्यावर तिनं डॉक्टरांना सरळ विचारलं, “हे बंद केलं तर काय होईल?”

जमादार यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “सांधे पुन्हा सैल होतील. आधी अलीकडचं जाईल.”

“मग अल्बम उघडेल.”

“काही महिने. नंतर तेही जाईल, आणि मग सगळंच जाईल. पद्मजाताई, हे औषध दुसऱ्यांदा लागू पडत नाही. परतायला वाट नाही.”

“तुम्ही मला नको म्हणताय.”

“डॉक्टर म्हणून मी नकोच म्हणणार. माझ्याकडे धडधाकट माणसं येतात हल्ली. कुणाचा मुलगा गेलेला, कुणाची बायको. कसलाही आजार नाही. मला म्हणतात, विसरायचं औषध द्या.” त्यांनी इंजेक्शनचं झाकण काढलं. “असं औषध नाही, हे सांगताना मला दर वेळी बरं वाटतं.”

त्या दिवशी पद्मजानं इंजेक्शन घेतलं.

पुढे आठवडाभर ती नेहमीसारखीच होती. मग एकदा वाटाणे सोलता सोलता म्हणाली, “मी तेव्हा हसत होते म्हणालात.”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

“तो दिसला म्हणून.”

“हो.”

तिनं सोललेले दाणे एका बाजूला केले. “मला आता सगळं लख्ख आठवतं. सकाळी डोळे उघडायच्या आत आठवतं. तेव्हा डॉक्टरांना मी जे बोलले म्हणून तुम्ही सांगता, ते बोलायला सोपं होतं, कारण संध्याकाळी ते माझ्याजवळ राहणार नव्हतं. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय?”

जयपालला कळत होतं. त्यानं तिला समजवायला हवं होतं. स्नेहलला काय सांगायचं, पुढं आपल्याकडे कोण बघणार, माझा चेहराही जाईल त्याचं काय, असं कितीतरी बोलायला हवं होतं. त्यातलं एकही वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडेना. कारण तिनं विचारलं त्याच क्षणी दुपारची ती खुर्ची त्याच्या डोळ्यांसमोर आली होती, आणि त्याला ती हवी होती. बायकोला वाचवायचं म्हणजे मुलाला बंद करून ठेवायचं. मुलाला बघायचं म्हणजे तिला हळूहळू पुसून टाकायचं. आणि यातलं काहीही त्याच्या हातात नव्हतं असं आता त्याला म्हणता येणार नव्हतं. नुसतं “नको” एवढं म्हटलं असतं तर ती थांबली असती. तिनं त्यासाठीच विचारलं होतं, हेही त्याला कळत होतं.

“तुला वाटेल तसं,” तो म्हणाला.

इंजेक्शनच्या दिवशी सकाळी पद्मजा आंघोळ करून, केस विंचरून तयार झाली, पण चप्पल घातली नाही. जयपाल फोन घेऊन बाल्कनीत गेला. पलीकडून दवाखान्यातल्या मुलीनं नाव विचारलं.

“मगदूम. आज यायला जमणार नाही.”

“उद्याची वेळ देऊ का?”

“नको. सध्या नको.”

त्या मुलीनं अगदी सरावाच्या आवाजात विचारलं, “अल्बमसाठी थांबवताय का, काका? तसं असेल तर तशी नोंद करते. या महिन्यात बरेच झालेत, म्हणून मॅडमनी वेगळी फाइलच केलीय.”

“हो,” जयपाल म्हणाला.

“एकदा मॅडमशी बोलता का? त्या सगळ्यांना फोन द्यायला सांगतात.”

त्यानं फोन बंद केला. खाली रस्त्यावर एक बाई मुलाला शाळेत सोडायला निघाली होती. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो बघत राहिला आणि मग आत आला. पद्मजा मधल्या खोलीत डेस्कटॉपसमोर बसली होती. पडदा अजून बंद होता.

“डॉक्टर काय म्हणाल्या?” तिनं विचारलं.

“काही नाही. चालेल म्हणाल्या.”

पद्मजानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी तिला सगळं आठवत होतं, नवराही चांगला ओळखीचा होता. तो खोटं बोलतोय हे तिला कळलं. तिनं मान हलवली आणि शेजारची खुर्ची त्याच्यासाठी पुढे सरकवली.